नवा, नवी, नवं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चौथीत असताना मी निबंधात ‘आमचा नवा घर’ असं लिहिलं. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळा वर्ग हसला. चूक कुठे झाली ते मला कळेना. जळगावच्या आमच्या घरात उर्दू. उर्दूत घर ‘नया’, किताब ‘नई’. तिसरं लिंगच नाही.

संस्कृतात तिन्ही लिंगं होती. मराठी-गुजरातीनं ती राखली, हिंदी-उर्दूनं नपुंसकलिंग बहुतांशी पुल्लिंगात मिसळून टाकलं. म्हणून गुजरातीत ‘नवुं घर’, आपल्याकडे ‘नवं घर’. धुळ्याकडच्या अहिराणीतही ‘मन्हं घर’च, आत शिरलं की ‘मन्हा घरमा’. बाजारात अहिराणी ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला उत्तर ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

पुढे बी.ए.ला हा शब्द कुठवर पोचलाय ते समजलं. संस्कृत ‘नव’, नौरोजमधला फारसी ‘नौ’, इंग्रजी ‘न्यू’ ही एकाच कुळातली भावंडं. मित्रहो, ‘नी’ म्हणा, पण ओठ ‘नू’सारखे गोल करा. झाला स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन ‘नवा’! तिथे घराला म्हणतात ‘हूस’. हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून स्वीडिशमध्ये ‘नित्त हूस’. ‘ते नवं घर’ असं नेमकं बोट दाखवायचं झालं, की रूप पुन्हा बदलून ‘नीया’ होतं. आपलं ‘नवं’ विभक्तीमुळे ‘नव्या’ होतं, त्यांचं नेमकेपणामुळे. या तिन्ही भाषांत विशेषणाचं पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एक झालं, नपुंसकलिंगी तेवढं वेगळं उरलं. म्हणजे उर्दूच्या अगदी उलट! त्यांचीच बहीण आइसलँडिक. तिनं मात्र मराठीसारखी तिन्ही रूपं सांभाळली: नीर, नी, नीत्त.

गंमत अशी, की ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणातला १९०५चा मराठीचा खंड तयार केला तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं. नवा-नवी-नवं त्याला आमच्या वर्गातल्या माझ्यापेक्षा सोपं गेलं असणार. (त्याच सर्वेक्षणानं १९०७ साली आपली खानदेशी भिल्ली भाषांच्या खंडात बसवली, तो वाद आज नको.)

मराठीत कविता लिहायला लागून तीस वर्षं झाली. अजूनही नपुंसकलिंगापाशी माझं पेन क्षणभर थांबतं. अम्मी शेजारणींशी मराठीत बोलताना शेवटपर्यंत ‘नवा घर’च म्हणायची. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.