नोंदवही भरली, जाणकाराला विचारलं का?

दिल्लीत मंडी हाऊसकडून इंडिया गेटच्या दिशेनं निघालं की कोपर्निकस मार्ग लागतो. मराठी माणसाला तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे माहीत असतो. याच रस्त्यावर फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ बसतं. ऑगस्ट 2019 मध्ये इथून एक कडक आदेश निघाला. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती नेमून 31 जानेवारी 2020 पर्यंत ‘लोक जैवविविधता नोंदवही’ पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी दरमहा 10 लाख रुपये भरावेत, असं त्यात बजावलं होतं.

ही नोंदवही म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची नोंद. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना रुजवली आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे तिला सरकारी आधार मिळाला. पण सतरा वर्षं काम रेंगाळलं. दंडाची टांगती तलवार आली आणि नोंदवह्यांचा आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला. अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांनी ठरावीक नमुन्यात त्या भरल्या आणि समितीनं सह्या केल्या. मोहाला फूल कधी येतं, कोणत्या डोहात मासे अंडी घालतात, हे कळायला निदान वर्षभर ऋतू बघावे लागतात. मुदत घालून ते साधत नाही.

लोकांच्या माहितीला खरंच विचारात घेतलं तर काय होतं, हे अलास्कात दिसलं. तिथले इन्युपियाक लोक पिढ्यान्‌पिढ्या बोहेड देवमाशाच्या शिकारीवर जगत आले. ही जात जेमतेम एक-दोन हजारांवर आली, असं मानून आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगानं 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. शिकारी म्हणाले, तुमची मोजणीच अपुरी आहे. बर्फाच्या कडेला उभं राहून मोकळ्या पाण्यातून जाणारेच मासे तुम्ही मोजता. हा प्राणी बर्फाखालूनही जातो, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतो.

त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा आयोग स्थापला आणि 1981 मध्ये अमेरिकी सरकारशी सहव्यवस्थापनाचा करार केला. शास्त्रज्ञांनीही त्यांचं म्हणणं तपासून पाहिलं. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले, तर नजरेला न दिसणाऱ्या देवमाशांचे आवाज ऐकू आले. पद्धत सुधारली तसा अंदाज वाढत गेला. 2001 मध्ये तो दहा हजारांच्या वर होता आणि 2011 मध्ये सोळा हजारांच्याही वर गेला. या काळात देवमासे खरोखर वाढलेही, पण आधीचे आकडे तोकडे होते हेही सिद्ध झालं. इथे शिकाऱ्यांचं ज्ञान कुणी वहीत उतरवून ठेवलं नाही. निर्णयाच्या जागी ते स्वतः बसले आणि त्यांचा दावा प्रयोगानं पारखला गेला. माझ्या मते विज्ञानाचा खरा मान यातच आहे.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं. 2012 मध्ये या लहानशा, बहुतांश गोंड वस्तीच्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. नंतर ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. पानं कोवळी मिळावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जंगलात आग लावतात. त्यानं रोपं जळतात, फळही धरत नाही. ते फळ माणसं खातात, पक्षी खातात. हातचं रोख उत्पन्न सोडायचं हा निर्णय गरीब गावानं सोसला, बांबूच्या विक्रीवर भिस्त ठेवली आणि जंगलाचा एक भाग पूर्ण राखून ठेवला. तेंदूला आगीनं काय होतं, हे त्यांना आधीपासून ठाऊकच होतं. हक्क आल्यावर त्या माहितीवर निर्णय घेता आला.

म्हणून फरीदकोट हाऊसचा आदेश मला अर्धा वाटतो. नोंदवही कायद्यात आली हे चांगलंच झालं. पण जंगलाचा कारभार वनखात्याकडे आणि लोकांचं ज्ञान कपाटात, अशी वाटणी राहिली तर त्या वहीनं एकही रोप वाचणार नाही. हरित न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतल्या सात कायद्यांत जैवविविधता कायदा आहे, 2006 चा वनहक्क कायदा मात्र नाही. ही फट बुजवायला हवी.

ही नोंदवही महापालिका आणि नगरपालिकांनाही बंधनकारक आहे, त्यामुळे शहरातल्या वाचकानं हा दूरच्या जंगलाचा विषय समजू नये. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन ती बघायला मागा. पानं किती भरली हे मोजू नका. ती कुणाला विचारून भरली आणि त्यातली कोणती माहिती वापरून काय ठरवलं, हे विचारा.