भिंगाला बिनतारी हात

पडद्यावर नायिकेचे डोळे स्पष्ट दिसतात, त्यामागे कोणा सहायकाची बोटे राबत असतात. ८५ मिलिमीटरचे भिंग दोन मीटरांवर, एफ-२ इतके उघडून वापरले, तर जेमतेम पाचसहा सेंटिमीटरांचा पट्टा स्पष्ट उमटतो. नटाने मान थोडी पुढे केली, की डोळे धूसर. तो अभिनय पुन्हा तसाच साधेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

कॅमेरा तिपाईवर उभा असे, तेव्हा सहायक शेजारी राहून भिंगाचे कडे फिरवी. १९७६ साली ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात गॅरेट ब्राऊन यांचे स्टेडिकॅम वापरले गेले आणि कॅमेरा चित्रकाच्या अंगावर चढून चालू लागला. आता परक्या हाताच्या स्पर्शानेही त्याचा तोल जाणार. म्हणून ते काम बिनतारी लहरींकडे आले.

या साधनाचे भाग तीन: सहायकाच्या हातातील चक्र, कॅमेऱ्यावरचा ग्राहक आणि भिंगाचे कडे फिरविणारी लहानशी मोटर. जुळणीत क्रमाला महत्त्व आहे. मोटर दांडीवर घट्ट बसवावी. तिचे दाते कड्याच्या दात्यांत नीट गुंतवावेत. सैल राहिले तर चक्र फिरूनही भिंग क्षणभर मागे राहते. फार आवळले तर कडे अडते. मग मोटरला भिंगाची दोन्ही टोके शोधू द्यावीत. छायाचित्रणाच्या काही भिंगांचे कडे कोठेच अडत नाही. तेथे टोके हाताने ठरवून द्यावी लागतात. नाजूक भिंगाला मोटरचा जोरही कमी ठेवावा. शेवटी कॅमेऱ्यावरील पटलाच्या खुणेपासून फितीने अंतरे मोजून ती चक्रावर लिहावीत. भिंग बदलले, की खुणाही बदलतात.

राहिला प्रश्न लहरींचा. यांतील पुष्कळ साधने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा २००५ सालापासून भारतात कमी शक्तीच्या साधनांना परवान्याविना खुला आहे. पण वायफाय आणि ब्लूटूथही तेथेच नांदतात. गाझियाबादला लागून असलेल्या नोएडाच्या फिल्म सिटीत वृत्तवाहिन्यांची दाटी आहे. (तो भाग ज्यात मोडतो, तो गौतम बुद्ध नगर जिल्हा १९९७ साली गाझियाबाद व बुलंदशहर यांचे भाग घेऊन झाला.) अशा गजबजाटात रिकाम्या खोलीत घेतलेली चाचणी पुरत नाही. सर्व साधने चालू ठेवून, सहायक जेथे उभा राहणार त्या सर्वांत दूरच्या जागेवरून चक्र फिरवून पाहावे. मोटर अडखळली तर लहरींची वाट बदलावी.

एवढे करूनही यंत्राला नटाचे मन कळत नाही. तो कोणत्या शब्दावर वळेल, पाऊल कोठे थबकेल, हे तालमीत पाहून सहायकच ओळखतो. मोटर त्याची आज्ञा दूरवर पोहोचविते. पण आज्ञा कोणत्या क्षणी द्यावयाची, हे अद्याप त्याच्याच नजरेचे काम आहे.