लोसमेन

लोसमेन हा इंडोनेशियातील लहान अतिथिगृहाचा एक प्रकार आहे. बहुतेक लोसमेन एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या खोल्यांत चालविते. पाच-सहापासून वीस-पंचवीसपर्यंत खोल्या, मधोमध अंगण, सकाळची न्याहारी आणि दिवसभर मिळणारा चहा असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. हा प्रकार देशभर आढळतो. तथापि जावा बेटावरील योग्यकर्ता शहरात त्याची परंपरा विशेष ठळकपणे दिसते. स्थानिक लोक या शहराला ‘जोग्जा’ म्हणतात. प्रस्तुत लेखातील विवेचन प्रामुख्याने या शहरातील लोसमेनांविषयी आहे.

लोसमेन हे आधी घर असते आणि मग निवासव्यवसाय. त्यातील सुखसोयी, तेथील नियम आणि त्याच्यापुढील आजच्या अडचणी या तिन्ही गोष्टींचा उगम यात आहे.

नाव आणि संबंधित संज्ञा

‘लोसमेन’ हा शब्द डच भाषेतील ‘लोजमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. डच भाषेने तो फ्रेंचमधून घेतला होता. इंडोनेशियात निवासस्थानांसाठी इतरही अनेक शब्द प्रचलित असून त्यांतील काही मराठी वाचकास ओळखीचे वाटतील. ‘विस्मा’ हा शब्द संस्कृत ‘वेश्म’ पासून, तर जावानीज ‘ग्रिया’ हा ‘गृह’ पासून आलेला आहे. ‘पोंडोक’ हा अरबी ‘फुंदुक’ वरून आला असून, धार्मिक शाळांच्या वसतिगृहांनाही तोच शब्द लावतात. ‘पेंगिनापान’ म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची जागा. विद्यार्थ्यांच्या मासिक भाड्याच्या खोल्यांना ‘कोस’ म्हणतात. गाजा मादा विद्यापीठामुळे (स्थापना १९४९) आणि इतर अनेक शिक्षणसंस्थांमुळे योग्यकर्त्यात अशा खोल्या गल्लोगल्ली आढळतात. कोस आणि लोसमेन यांतील सीमारेषा प्रत्यक्षात पुसट असते. एकाच वाड्यात पुढील खोल्या पर्यटकांना आणि मागील खोल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या असणे नवलाचे नाही.

शासकीय वर्गीकरणात तारांकित हॉटेलांना ‘बिंतांग’ म्हणजे तारा, तर त्याखालील साध्या हॉटेलांना ‘मलाती’ अशी संज्ञा दिली गेली. ‘मलाती’ हा शब्द संस्कृत ‘मालती’ वरून आला आहे. इंडोनेशियात मात्र तो मोगऱ्याला लावतात, आणि मोगरा हे त्या देशाचे एक राष्ट्रीय फूल आहे. त्यामुळे हॉटेलाच्या पाटीवर ‘मलाती’ दिसल्यास ते नाव नसून दर्जाची खूण असण्याची शक्यता अधिक.

इतिहास

डच राजवटीत जावाच्या रस्त्यांवर अधिकाऱ्यांसाठी ‘पसांग्राहान’ नावाची विश्रामगृहे बांधली गेली. भारतातील डाक बंगल्यांशी त्यांचे बरेच साम्य होते. रेल्वे आल्यानंतर प्रवाशांची संख्या वाढली. बटाविया (आजचे जकार्ता) ते सुराबाया हा लोहमार्ग १८९४ मध्ये जोडला गेला. परंतु रात्री गाड्या धावत नसल्याने प्रवाशांना वाटेत माओस येथे मुक्काम करावा लागे. थेट रात्रगाडी १९३६ मध्ये सुरू झाली. योग्यकर्त्याचे तुगू स्थानक १८८७ मध्ये उघडण्यात आले. श्रीमंत युरोपीय प्रवासी मोठ्या हॉटेलांत उतरत, तर व्यापारी, कारकून, शिक्षक इत्यादी देशी प्रवासी स्थानकाजवळच्या साध्या निवासांत राहत. लोसमेन या शब्दाला आजही चिकटून राहिलेला ‘स्वस्त आणि साधे’ हा अर्थ याच भेदातून आला असावा.

योग्यकर्त्यातील लोसमेनांच्या दोन प्रमुख वस्त्या आहेत व त्यांचा इतिहास परस्परांहून भिन्न आहे.

सोस्रोविजायान ही वस्ती तुगू स्थानकाच्या दक्षिणेस आणि मालिओबोरो या प्रसिद्ध बाजाररस्त्याच्या पश्चिमेस आहे. तेथील गल्ल्या जेमतेम दोन माणसे शेजारून जाऊ शकतील इतक्या अरुंद आहेत. १९७० च्या दशकात आशियातून खुष्कीच्या मार्गाने फिरणारे युरोपीय व ऑस्ट्रेलियन तरुण बालीकडे जाताना येथे उतरू लागले आणि घरोघरी एकेक-दोनदोन खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या.

प्राविरोतामान ही वस्ती राजवाड्याच्या आग्नेयेस आहे. सुलतानाच्या प्राविरोतोमो या सैन्यतुकडीवरून तिला हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे बाटिक कापड छापणाऱ्या कुटुंबांचे वाडे होते. तांब्याच्या ठशांनी मेण उमटवून कापड रंगविण्याचा हा व्यवसाय यंत्रावर छापलेल्या स्वस्त कापडापुढे टिकेना. मोठी घरे, मागील बाजूचे कारखान्याचे आवार आणि कापड वाळविण्याची मोकळी जागा मात्र शिल्लक होती. १९७० च्या दशकापासून या कुटुंबांनी तेथे खोल्या काढल्या. येथील निवासस्थाने सोस्रोविजायानच्या तुलनेत अधिक प्रशस्त आणि महाग का आहेत, याचे उत्तर या पूर्वेतिहासात सापडते. कापड वाळत घालण्याची जागाच पुढे बाग झाली. बाटिक कलेचा समावेश युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तोवर या वस्तीतील बहुतेक रंगाच्या टाक्या बुजविल्या गेल्या होत्या.

बोरोबुदूर (सुमारे ४० किमी) आणि प्रांबानान (सुमारे १७ किमी) ही दोन्ही स्मारके १९९१ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्यांना भेट देणारे प्रवासी दोन-तीन रात्री योग्यकर्त्यातच काढतात. त्यामुळे लोसमेनांना बारमाही गिऱ्हाईक मिळाले.

रचना आणि सोयी

योग्यकर्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर आहे. दिवसाचे तापमान वर्षभर ३० अंश सेल्सियसच्या आसपास राहते आणि हवा दमट असते. पावसाळा साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असतो. अशा हवेत सुखकर निवास म्हणजे काय, याचे उत्तर जुन्या घरांनी यंत्रांवाचून दिले होते. उंच कौलारू छप्पर, भिंतींच्या वरच्या भागातील झरोके, खोल्यांपुढून जाणारी रुंद पडवी आणि पायाला गार लागणारी नक्षीदार सिमेंटची फरशी ही त्याची अंगे होत. या फरशीला तेथे ‘तेगेल’ म्हणतात. प्रत्येक खोलीबाहेर पडवीत दोन खुर्च्या व एक मेज असते. संध्याकाळी पाहुणा खोलीत क्वचितच बसतो. छताचा किंवा उभा पंखा सर्वत्र असतो. वातानुकूलन आता बहुतेक ठिकाणी मिळते, पण त्यासाठी झरोके बुजवावे लागतात. यंत्र बंद पडले की ती खोली जुन्या खोलीपेक्षा अधिक कोंदट होते.

पलंगावर उशीबरोबर ‘गुलिंग’ नावाचा लांबट लोड ठेवलेला असतो. तो टेकण्यासाठी नसून कुशीवर झोपताना हातापायांत धरण्यासाठी असतो. अंगाला अंग न चिकटता हवा खेळती राहावी, हा त्याचा उपयोग.

स्नानगृहात जुन्या पद्धतीचा ‘बाक मांदी’ म्हणजे फरशी लावलेला चौकोनी हौद आणि ‘गायुंग’ म्हणजे दांड्याचे भांडे असते. हौदातील पाणी अंगावर ओतून घ्यायचे, हौदात उतरायचे नाही. युरोपीय प्रवाशांनी त्यात बसून अंघोळ केल्याचे व घरच्यांना सगळे पाणी फेकून द्यावे लागल्याचे किस्से प्रवासवर्णनांत वारंवार येतात. भारतीय पाहुण्यास ही चूक करण्याचे कारण नाही. गरम पाणी साध्या लोसमेनांत नसते आणि बहुतेक वेळा त्याची गरजही भासत नाही.

उघड्या हौदांचा दुसरा संबंध आरोग्याशी आहे. एडिस इजिप्ती डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्यामुळे हौद नियमितपणे रिकामा करून घासणे हा इंडोनेशियातील डेंग्यूविरोधी मोहिमेचा जुना भाग आहे. याच शहरात २०१८ ते २०२० या काळात एक मोठा वैज्ञानिक प्रयोग झाला. शहराचे २४ विभाग पाडून त्यांपैकी १२ विभागांत वोल्बाकिया हा जीवाणू असलेले डास सोडण्यात आले. हा जीवाणू डासाच्या शरीरात डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखतो. त्या विभागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांची दखल जगभर घेतली गेली. तरीही मच्छरदाणी वा डास प्रतिबंधक मलम जवळ बाळगणे योग्य.

न्याहारी आणि पाहुणचार

न्याहारीत ‘नासी गोरेंग’ (परतलेला भात, वर अंडे), पाव किंवा केळ्याचे घावन यांपैकी काहीतरी मिळते. शहराचा खास पदार्थ ‘गुडेग’ हा मात्र बहुधा बाहेरून, पहाटे गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या विक्रेतीकडून आणला जातो. कोवळा फणस नारळाचे दूध व माडाचा गूळ घालून कित्येक तास मंद आचेवर शिजवितात; त्याचा रंग तपकिरी आणि चव स्पष्टपणे गोड असते. पडवीत ठेवलेल्या थर्मासमधील चहा बिनदुधाचा, मोगऱ्याच्या वासाचा आणि बहुधा आधीच साखर घातलेला असतो. साखर नको असल्यास आगाऊ सांगावे लागते.

मालकिणीस ‘इबू’ किंवा थोडक्यात ‘बू’ (आई), मालकास ‘पाक’ (वडील), तरुण सेवकास ‘मास’ (दादा) आणि तरुणीस ‘म्बाक’ (ताई) असे संबोधतात. नुसत्या नावाने हाक मारणे असभ्य मानले जाते. जावानीज भाषेत आदरानुसार शब्दच बदलतात. यजमान परक्या पाहुण्याशी इंडोनेशियन भाषेत बोलतात, आपसांत जावानीजमध्ये. पडवीत वा खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी पादत्राणे काढावीत. एखादी गोष्ट शक्य नसल्यास यजमान थेट नकार देण्याऐवजी ‘बलूम’ (अजून नाही) असे म्हणण्याचा संभव असतो. ते उत्तर आशादायक समजून थांबून राहिल्यास प्रवाशाची गैरसोय होते.

नियम आणि शेजार

गल्लीच्या तोंडाशी ‘तामू वाजिब लापोर १ × २४ जाम’ अशी पाटी अनेकदा दिसते. पाहुण्याने २४ तासांच्या आत नोंद करावी, असा तिचा अर्थ. ही नोंद ‘रुकुन तेतांगा’ या शेजारघटकाच्या प्रमुखाकडे होते. या घटकाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील जपानी ताब्याच्या काळात लादलेल्या ‘तोनारीगुमी’ पद्धतीत आहे. देखरेखीसाठी जन्मलेली ही व्यवस्था पुढे वर्गणी, साफसफाई, लग्न आणि मर्तिक यांचीही व्यवस्था झाली. लोसमेनात उतरलेल्या पाहुण्याच्या वतीने ही औपचारिकता यजमानच पूर्ण करतात. त्यासाठी पारपत्र किंवा ओळखपत्र दाखवावे लागते.

अनेक गल्ल्यांत मोटारसायकलचे इंजिन बंद करून ती हाताने ढकलत न्यावी लागते. पहाटेची अजान जवळच्या मशिदीतून स्पष्ट ऐकू येते. काही मालक रात्री ठरावीक वेळेस दरवाजा बंद करतात, तर काही ठिकाणी जोडप्यांकडे विवाहाचा दाखला मागितला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या दंडसंहितेत विवाहबाह्य संबंध हा गुन्हा ठरविला असला तरी त्यासाठी पती-पत्नी, आईवडील किंवा अपत्ये यांचीच तक्रार ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. दाखला मागण्याची प्रथा या कायद्याहून जुनी आहे. शेजाऱ्यांत बोलणे होऊ नये, ही मालकाची काळजी त्यामागे असते.

हॉटेलांची वाढ आणि पाण्याचा प्रश्न

२०१० नंतर योग्यकर्त्यात बहुमजली हॉटेले वेगाने उभी राहिली. शहराचे क्षेत्रफळ अवघे सुमारे ३२.५ चौ. किमी असल्याने ती दाट वस्तीतच उभारली गेली. या शहरातील असंख्य घरे, आणि अर्थात लोसमेनही, अंगणातील उथळ विहिरींवर अवलंबून आहेत. २०१४ च्या कोरड्या हंगामात एका मध्यम आकाराच्या हॉटेलाशेजारील वस्तीच्या विहिरी आटल्या. रहिवाशांनी त्याचे खापर हॉटेलाच्या खोल विंधनविहिरीवर फोडले. त्यांपैकी एकाने हॉटेलासमोर बसून पाण्याऐवजी मातीने अंघोळ केली. या प्रकाराने प्रश्न देशभर पोहोचला, आणि ‘जोग्जा आसात’ (जोग्जा कोरडे पडले) हे शब्द भिंतींवर झळकू लागले. वॉचडॉक या संस्थेने याच विषयावर ‘ब्लाकांग होतेल’ (हॉटेलामागे) हा माहितीपट काढला.

महापौरांच्या आदेशाने १ जानेवारी २०१४ पासून नव्या हॉटेलांच्या परवान्यांना स्थगिती देण्यात आली होती व पुढे तिची मुदत वाढविण्यात आली. मात्र ती लागू होण्यापूर्वीच अर्जांची रीघ लागल्याने त्यानंतरही कित्येक वर्षे नवी हॉटेले उघडत राहिली. लोसमेनवर याचा दुहेरी परिणाम झाला. एकीकडे विहिरीची पातळी, तर दुसरीकडे दर. मोठ्या हॉटेलांनी रिकाम्या खोल्या स्वस्त केल्यावर दोहोंच्या भाड्यातील फरक फारच थोडा उरला.

सद्यस्थिती

आंतरजालावरील आरक्षणामुळे लोसमेनचे स्वरूप बदलले आहे. २०१८ मध्ये भारतातील ओयो कंपनी इंडोनेशियात आली. तिने व तिच्या स्पर्धकांनी लहान मालकांशी करार करून खोल्यांना एकसारख्या चादरी, एकसारखी पाटी आणि ॲपवरील स्थान दिले. मालकाला गिऱ्हाईक मिळाले, पण दर ठरविण्याची मुभा बऱ्याच अंशी गेली. यांपैकी एअरी ही इंडोनेशियन कंपनी २०२० मध्ये, कोविड-१९ साथीच्या पहिल्याच लाटेत, बंद पडली. परदेशी प्रवासी थांबल्याने त्या काळात अनेक मालकांनी खोल्या विद्यार्थ्यांना मासिक भाड्याने देण्याचा मार्ग पत्करला. घराचेच हॉटेल असल्याने पुन्हा घर होणे त्यांना जमले.

‘लोसमेन’ हा शब्द मात्र पाट्यांवरून मागे पडत आहे. तो जुनाट वाटतो म्हणून त्याच वास्तूंवर आता ‘होमस्टे’ किंवा ‘गेस्ट हाऊस’ असे लिहिलेले आढळते.

लोकसंस्कृतीत

१९८० च्या दशकात टीव्हीआरआय या सरकारी वाहिनीवर ‘लोसमेन’ ही मालिका प्रसारित झाली. योग्यकर्त्यातील एक कुटुंब, त्याचे लोसमेन आणि दर भागात येणारे नवे पाहुणे अशी तिची रचना होती. कडक शिस्तीची मालकीण बू ब्रोतो हिची भूमिका मीके विजाया यांनी, तर शांत स्वभावाचे पाक ब्रोतो मांग उदेल यांनी साकारले होते. त्या काळी देशात बराच काळ तीच एकमेव वाहिनी असल्याने मालिका घरोघरी पोहोचली. २०२१ मध्ये तिच्यावर आधारित ‘लोसमेन बू ब्रोतो’ हा चित्रपट ईफा इस्फान्स्याह आणि एडी चाह्योनो यांनी दिग्दर्शित केला.