स्वावलंबनाचा अनुक्रम

रायपूरच्या शंकर नगरात, आमच्या घरामागील गल्लीत एक मराठी कुटुंब राहते. गृहस्थ माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच सरकारी नोकर. चार वर्षांपूर्वी गच्चीवरील पाण्याची टाकी पाहावयास ते चढले असता पाय घसरून खाली पडले व मानेच्या मणक्यास इजा झाली. रुग्णालयातून ते घरी आल्यावर आम्ही शेजारीपाजारी भेटावयास गेलो. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : "डॉक्टर काय म्हणतात? चालणार कधी?" मीही तोच विचारला. ते शांतपणे म्हणाले, "चालण्याचे पुढे पाहू. माझे वय चव्वेचाळीस, आणि आई मला चहा पाजते आहे. आधी कप धरता आला पाहिजे."

मी खजील झालो. धडधाकट माणसाला वाटते की पाय गेले म्हणजे सर्वस्व गेले आणि पाय परत आले की सारे परत आले. ज्याच्यावर प्रसंग गुदरतो, त्याचा अनुक्रम मात्र निराळा असतो. तो कसा, हे समजून घेणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मज्जारज्जू हा मेंदूपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत, पाठीच्या कण्याच्या पोकळीतून उतरणारा, करंगळीएवढ्या जाडीचा दोर होय. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मेंदूची आज्ञा त्याच वाटेने खाली जाते आणि शरीराची वार्ता त्याच वाटेने वर येते. ही वाट जेथे तुटते, तेथून खालचा मुलूख मुका होतो. म्हणून इजा किती खोल, याइतकेच ती किती उंचीवर, यालाही महत्त्व असते. छातीच्या वा कमरेच्या पातळीवर ती झाली, तर हात शाबूत राहतात आणि चाकाच्या खुर्चीवरून बहुतेक सर्व व्यवहार स्वतः करता येतात. मानेत झाली, तर एकेका मज्जातंतूचे मोल वाढते. पाचवा शाबूत असेल तर कोपर वाकते, सहावा असेल तर मनगट वर उचलता येते, आणि सातवा असेल तर कोपर ताठ करून, हातांवर भार देऊन पलंगावरून खुर्चीत सरकणे पुष्कळ सोपे होते.

आमच्या शेजाऱ्यांचा सहावा मज्जातंतू वाचला होता. बोटे स्वतंत्रपणे हालत नव्हती, पण मनगट उचलता येत होते. आपण आपला हात सैल सोडून मनगट वर उचलून पाहावे : बोटे आपोआप तळव्याकडे वळतात व अंगठा तर्जनीजवळ येतो. ही स्नायुबंधांची नैसर्गिक ओढ आहे. निर्जीव बोटांनाही तिच्यामुळे एक प्रकारची पकड लाभते. मात्र घरच्या माणसांनी मायेपोटी ती वळलेली बोटे, मनगट वर असतानाच, ताणून सरळ करीत राहिल्यास ही ओढ सैल पडते आणि पकड जाते. जाणत्या व्यक्तीकडून शिकल्यावाचून केलेली सेवाही कधी कधी नुकसान करते, ती अशी.

आता अनुक्रमाकडे वळू. किम अँडरसन या अमेरिकन संशोधिका स्वतः मानेच्या इजेने बाधित आहेत. त्यांनी अशाच ६८१ व्यक्तींना विचारले की, कोणती गोष्ट परत मिळाली तर तुमचे जीवन सर्वांत अधिक सुधारेल? हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे चारही अवयव बाधित होते, त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी हात व पंजा यांना पहिले स्थान दिले. कमरेखाली बाधित असलेल्यांत दांपत्यजीवनास पहिले स्थान देणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी होती. मलमूत्रावरील ताबा दोन्ही गटांना फार मोलाचा वाटला. चालणे या यादीत होते, पण अग्रस्थानी नव्हते.

मलमूत्राचा विषय आपण चारचौघांत बोलत नाही. तथापि पूर्वी या रोग्यांचे प्राण मुख्यत्वे मूत्रपिंडे निकामी होऊन आणि अंगावर पडलेल्या जखमा चिघळून जात. मूत्राशय भरल्याची वार्ता मेंदूस पोहोचत नाही, म्हणून ठरावीक तासांनी स्वच्छ नळी घालून ते रिकामे करावे लागते. शौचाची वेळ रोज एकच ठेवावी लागते, व ती जेवणानंतरची असल्यास आतड्याची स्वाभाविक हालचाल साहाय्यास येते. त्वचेला वेदना कळत नाही, म्हणून बसल्या जागी दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून वा बाजूस झुकून दाब हलका करावयाचा आणि रोज आरशात पाठ व बैठक तपासावयाची. ही कामे दिसावयास क्षुद्र आहेत. परंतु ती हाती आल्यावाचून माणूस घराबाहेर चार तास निर्धास्त राहू शकत नाही. नोकरी, प्रवास, लग्नसमारंभ, सारे या पायावर उभे आहे.

हा पाया प्रथम पद्धतशीरपणे घातला गेला तो इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे. नाझी राजवटीतून निसटून आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली तेथे विभाग उघडला, रोग्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा नियम कडकपणे पाळला आणि १९४८ साली रुग्णांच्या क्रीडास्पर्धा भरविल्या. त्याच परंपरेतील १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धांत आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले होते. पुढे १९७४ साली पुण्याजवळ खडकी येथे अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक विशीच्या आतच कमरेखाली बाधित झाल्या. स्वतः खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्यापासून त्यांनी उभारी घेतली, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापिली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

अशी उदाहरणे ऐकून आपण थक्क होतो, आणि तेथेच एक चूक करतो. प्रत्येकाने पदक जिंकावे अशी अपेक्षा धरणे, हेही दुसऱ्याचे ध्येय आपण ठरविणेच होय. स्वावलंबन म्हणजे प्रत्येक काम स्वहस्ते करणे नव्हे. सकाळी स्वतः कपडे घालण्यात दीड तास व सारी शक्ती खर्च होत असेल, तर ते काम मुलाकडून करून घेऊन ती शक्ती कचेरीसाठी राखून ठेवणारा मनुष्य परावलंबी नाही. कोणते काम स्वतः करावयाचे, कोणते सोपवावयाचे, केव्हा व कोणत्या रीतीने, हे ज्याचे तो ठरवितो तोच स्वाधीन.

या निर्णयाला कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या विसाव्या कलमान्वये, सेवेत असता अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही वा खालच्या पदावर उतरविता येत नाही. मूळ काम जमत नसल्यास तेच वेतनमान व सेवालाभ राखून दुसरे पद द्यावयाचे, आणि तसे पद मिळेपर्यंत वा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करावयाचे. आमच्या शेजाऱ्यांच्या घरात हे कोणासच ठाऊक नव्हते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार होता. मी स्वतः शासनात असून पहिल्या भेटीत चालण्याचा प्रश्न विचारला, कायद्याची माहिती दिली नाही, याचे मला आजही वैषम्य वाटते. सुदैवाने तो अर्ज टेबलाच्या खणातच राहिला.

त्यांनी मुलाकडून वहीत चार ओळी लिहवून घेतल्या होत्या : कप, न्हाणीघर, सहा तास बसणे, कचेरी. गवंड्याने न्हाणीघराचे दार रुंद केले, उंबरा काढला. दाराशी उतरण बांधताना एक फूट चढास बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळले. दीड वर्षाने ते कामावर रुजू झाले.

परवा मी गेलो असता आईंनी चहा आणला. त्यांनी मनगट उचलले, दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि कप हळूहळू ओठांकडे नेला. कप किंचित हिंदकळला. आईंचा हात पुढे आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा पदराखाली गेला. चार वर्षांतील सर्वांत कठीण शिक्षण मला वाटते त्या माउलीने घेतले होते.