बालकांतील अॅलर्जीजन्य प्रतिश्याय : गुण आला, हे कशावरून?

पहाटे उठताच शिंकांची माळ, नाकातून पाणी, कंडू आणि चोंदलेले नाक, अशी लक्षणे घेऊन येणारे बालरुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकी काही बालके अॅलर्जीतज्ज्ञांकडे इम्युनोथेरपीही घेत असतात. ज्या द्रव्याची अॅलर्जी आहे त्याचाच अर्क त्वचेखाली इंजेक्शनने वा जिभेखाली, साधारणतः तीन वर्षे देणे, हे तिचे स्वरूप. लिओनार्ड नून यांनी लंडन येथे केलेले यासंबंधीचे कार्य १९११ साली प्रसिद्ध झाले.

‘आता पुष्कळ गुण आहे,’ असे माता सांगते. अधिक विचारता रोजची अॅलर्जीची गोळी चालूच असल्याचे कळते. मग गुण नेमका कशाचा? रक्तातील आयजीईवरूनही निर्णय होत नाही. चिकित्सेच्या आरंभी ते वाढूही शकते.

म्हणूनच युरोपातील अॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली संयुक्त गुणांकन सुचविले. नाकाची चार व डोळ्यांची दोन लक्षणे प्रत्येकी ० ते ३ गुणांनी मोजून सरासरी काढावी आणि तीत औषधांचे ० ते ३ गुण मिळवावेत. लक्षणांचा गुण १ असलेले बालक नाकातील स्टिरॉइड फवारा घेत असेल, तर २ गुण वाढून बेरीज ३ होते. औषधाविना तेवढाच त्रास असणाऱ्याची बेरीज १ राहते.

काय मोजावे, यावर निष्कर्षही पालटतो. गवताच्या परागांची अॅलर्जी असलेल्या, ५ ते १२ वर्षांच्या ८१२ युरोपीय बालकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे खरी वा निष्क्रिय गोळी आणि पुढे दोन वर्षे निरीक्षण, अशी त्याची योजना होती. ठरविलेल्या काटेकोर निकषाने दमा सुरू होण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु दम्याची लक्षणे असणारी वा त्यासाठी औषध घेणारी बालके खऱ्या गोळीच्या गटात कमी होती. दोन्ही गोष्टी सांगणे, हाच प्रामाणिकपणा होय.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात प्रतिश्यायास स्वतंत्र अध्याय दिला. आपणही त्याच्या चिकित्सेत हीच शिस्त पाळावी, असे आम्हास वाटते. लक्षणे, सर्व औषधे, निद्रा व शाळेतील अनुपस्थिती यांची नोंद पालकांकडून रोज करून घ्यावी. तुलना गतवर्षीच्या त्याच ऋतूशी करावी. अन्यथा ऋतुपालटाचे श्रेय आपण आपल्या कल्पास देऊन बसू. मात्र बेरीज उतरावी म्हणून दम्याचे वा अन्य चालू औषध परस्पर बंद करू नये. अंक सुधारणे हे साधन आहे. बालकाचा श्वास मोकळा होणे, हे साध्य.