औषध सारखे बदलते म्हणजे डॉक्टर चुकले काय?

तालुक्याच्या गावाहून एका मातेचे पत्र आले आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. पण तिने विचारलेला प्रश्न मला दवाखान्यातही अनेकदा ऐकू येतो, म्हणून या आठवड्याचे सदर त्या पत्रालाच दिले आहे.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. एका जागी बसत नाही, गणित अर्धे सोडून उठतो, बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होतो, कंपास आणि स्वेटर शाळेत हरवून येतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून 'एडीएचडी' असे निदान केले. म्हणजे अवधान कमी आणि चंचलता अति. पहिली गोळी दिली तेव्हा मुलगा वर्गात बसू लागला, पण डबा तसाच परत येऊ लागला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास विनाकारण रडारड सुरू झाली. मात्रा कमी केली, तर रडणे थांबले पण वर्गातली चुळबुळ परत आली. मग औषधच बदलून कॅप्सूल दिली. तिला दहा दिवस झाले, फरक काहीच नाही. शाळेतून तक्रारी येत आहेत. सासूबाई म्हणतात, "डॉक्टरांनाच काही कळत नाही, पोरावर प्रयोग चाललेत. बंद कर. याचा बापही लहानपणी असाच होता." पत्राच्या शेवटी ती विचारते, "डॉक्टरसाहेब, बंद करू का?"

बंद करू नका, ताई. आणि तशी वेळ आलीच, तर ज्यांनी सुरू केले त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

(जाता जाता, सासूबाईंनी नकळत निदानाला मदतच केली आहे. हा विकार घराण्यात चालतो. बाप तसा होता, ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा.)

चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यांचे डॉक्टर एकामागून एक भिंगे लावून "हे स्पष्ट की मघाचे?" असे विचारतात. तेव्हा आपण म्हणत नाही की यांना काही कळत नाही. चंचलतेच्या औषधाचेही तसेच आहे. कोणत्या मुलाला कोणते औषध आणि किती मात्रेत लागू पडेल, हे सांगणारी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा फोटो आज तरी उपलब्ध नाही. वजन सारखे असलेल्या दोन मुलांना वेगवेगळी मात्रा लागते. फरक एवढाच की चष्म्याचे उत्तर क्षणात मिळते, इथे एकेका भिंगाला आठवडे जातात आणि उत्तर मुलाऐवजी आई आणि बाईंनी द्यायचे असते.

या औषधांचा जन्मही योगायोगाचाच. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांवर उपचार करीत. एका तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण तीसपैकी जवळजवळ निम्मी मुले अभ्यासात एकदम सुधारली. मुलांनीच त्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले! पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत पॅनिझॉन या रसायनतज्ज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. आपल्या पत्नीच्या नावावरून, तिला रिटा म्हणत, त्याचे नाव रिटालिन ठेवले गेले. आजही पहिली निवड बहुधा याच औषधाची असते.

उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, असे पालक विचारतात. गाडीचे बैल उधळले आहेत आणि गाडीवान डुलक्या घेतो आहे, अशी कल्पना करा. बैलांना झोपेचे औषध द्यायचे नसते, गाडीवानाला जागे करायचे असते. मेंदूच्या पुढच्या भागात आवर घालणारी केंद्रे आहेत. तेथील डोपामिन व नॉरॲड्रिनॅलिन ही रसायने या औषधाने वाढतात आणि कासरा हातात येतो. म्हणून मूल गुंगीत किंवा मख्ख दिसू लागले तर ते यश नव्हे. मात्रा जास्त झाल्याची ती खूण आहे, लगेच कळवावे.

साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. यातच निम्मे घोटाळे होतात. शाळा अकराची आणि गोळी सकाळी आठला दिली, तर औषध आंघोळीत, जेवणात आणि रस्त्यात खर्ची पडते. बाई म्हणतात, काही फरक नाही. दुसऱ्या घरी गोळी बरोबर वेळेवर जाते, वर्गात मूल छान बसते. पण वडील संध्याकाळी सातला दुकान बंद करून येतात तेव्हा अंमल उतरलेला असतो. त्यांचेही मत तेच की पैसे फुकट गेले. दोघेही खरेच बोलतात, पण त्यांनी औषध पाहिलेलेच नसते. अशा वेळी डॉक्टर वेळ बदलतात किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी देतात. ती दीर्घकाळची गोळी कुटून किंवा चावून देऊ नये.

तुमच्या मुलाची पाचची रडारड बहुधा अंमल उतरतानाची असावी आणि डबा परत येणे हा तर या औषधाचा नेहमीचाच त्रास. गोळीआधी भरपेट न्याहारी आणि रात्री भूक परतल्यावर चांगले जेवण दिले की पुष्कळदा भागते. झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे हेही होते. काही मुलांत उंची एक-दोन सेंटिमीटर मागे पडलेली आढळते, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब नियमित पाहावे लागतात. घरात कोणाला तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू आला असेल, तर सुरुवातीलाच सांगावे.

आता तुमची कॅप्सूल. पत्रात नाव आहे, ती ॲटोमोक्सेटिनची आहे. तिचा स्वभाव अगदी वेगळा. ती उत्तेजक नाही, चोवीस तास काम करते, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दहा दिवसांत तिच्याकडून काही दिसायचे नाही. पेरणी होऊन दहा दिवस झाले आणि कणीस आले नाही म्हणून कोणी शेत नांगरत नाही. ती जेवणानंतर द्यावी म्हणजे मळमळ कमी होते. फोडून दुधात घालू नये, आतली पूड डोळ्यांना झोंबते. मात्र डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा मुलगा मरणाबिरणाच्या गोष्टी बोलू लागला, तर सहा आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. असे क्वचितच होते, पण माहीत असावे.

दोन औषधे एकत्र देण्याची पाळी यानंतर येते, आधी नाही. एका औषधाने वर्ग सांभाळला पण रात्र बिघडली, चेहऱ्याला झटके येऊ लागले किंवा गुण अर्धाच आला, तर तज्ज्ञ कधी क्लोनिडिनची जोड देतात. हे मुळात रक्तदाबाचे औषध आहे. म्हणून आजोबांच्या डब्यातील गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग कोणी करू नये. ते एकाएकी बंद केले तर रक्तदाब उसळतो. जोड देताना नियम एकच, की एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आणि त्रास कोणाचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मात्रांचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. वर्तमानपत्रावरून मात्रा ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

या धीम्या पद्धतीचा उपयोग होतो का? १९९९ साली उत्तर अमेरिकेतील ५७९ मुलांचा चौदा महिन्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला मात्रा पायरीपायरीने ठरवून दर महिन्याला तपासले. दुसऱ्या एका गटातील मुले आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांतील बहुतेकांना औषध तेच मिळाले. तरी पहिला गट बराच पुढे गेला. औषधाबरोबर पालक व शिक्षकांना वागणुकीचे प्रशिक्षण मिळाले, त्या मुलांना गोळीही कमी लागली. पुढे नियमित देखरेख संपली आणि तीन वर्षांनंतर गटांतील फरकही पुसट झाला, हेही सांगितले पाहिजे.

जुळवाजुळव करण्यापूर्वी मुलाला आणखी काय चालू आहे, हे पाहणे आम्हा साध्या डॉक्टरांचे काम. त्यात माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आकडीसाठी फिनोबार्बिटोन घेणारा एक मुलगा माझ्याकडे येई. आई त्याच्या दंग्याने रडकुंडीला आलेली. मी दर वेळी, "मोठा झाला की शांत होईल," असे सांगून बोळवण केली. पुढे बालरोगतज्ज्ञांनी आकडीचे औषध बदलले आणि त्याचा निम्मा दंगा गेला. ते औषध काही मुलांना चंचल करते, हे मी पुस्तकात वाचलेले होते, समोर असताना आठवले नाही. दम्याची औषधे, नीट ऐकू न येणे, कमजोर नजर, रक्त कमी असणे, रात्री घोरणे, थायरॉइड, या सर्वांची विचारपूस व्हायला हवी. सर्दीचे सिरप, वैद्यांचे चूर्ण, काहीही देत असाल तर सांगा. मी रागावणार नाही आणि तज्ज्ञांनीही रागावू नये.

मेथिलफेनिडेट प्रत्येक दुकानात मिळत नाही. ते 'शेड्यूल एक्स'मध्ये येते. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याला दोन वर्षे जपावी लागते. यावरून 'नशेची गोळी' अशी कुजबुज होते. गैरवापर होतो, हे खरे आहे. मोठी मुले परीक्षेसाठी मागून घेतात. म्हणून गोळी आईने हाताने द्यावी, मोजून कुलपात ठेवावी. पण तज्ज्ञांच्या मात्रेत घेणारी मुले पुढे व्यसनी होतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तालुक्याला मिळत नसेल तर संपण्याआधी आठवडाभर आणण्याची सोय करावी.

खर्चाचेही पत्रात आहे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा विकार समाविष्ट आहे. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला सांगा, किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

ताई, एक शंभर पानी वही करा. रोज चारच ओळी लिहा: औषध किती वाजता दिले, डबा किती खाल्ला, झोप किती वाजता लागली, बाईंचा शेरा काय. बाईंना आठवड्यातून एकदा दोन शब्द लिहायला सांगा, बहुतेक बाई आनंदाने लिहितात. पुढच्या भेटीला ती वही आणि मुलाचे वजन घेऊन जा, आणि जमल्यास सासूबाईंनाही बरोबर न्या. दिवाळीच्या सुट्टीत बंद ठेवू का, असेही तुम्ही विचारले आहे. मेथिलफेनिडेटला कधी कधी डॉक्टर सुट्टी देतात. तुमच्या कॅप्सूलला सुट्टी नाही, ती भाऊबीजेलासुद्धा चालूच ठेवायची.