बेलासिस रोडची सिप्ला : बापलेकांचा एकच इरादा

मुंबई सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून नागपाड्याकडे निघाले की बेलासिस रोड लागतो. मदनपुऱ्यात बॅगा शिवणारे आमचे कारागीर बांधव या रस्त्याने नेहमीच ये-जा करतात. औषधांच्या बाजारात आज जगभर नाव असलेल्या सिप्ला कंपनीने आपला जम बसवला तो याच रस्त्यावर. कंपनीचा संस्थापक मुसलमान होता, हे आपल्या जलशांतून अभिमानाने सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. आम्हाला मात्र टाळ्यांपेक्षा हिशोबात रस आहे. एकच इरादा धरून दोन पिढ्या बसल्या, तेव्हा त्या इराद्याने या माणसांना काय काय शिकायला लावले, एवढेच येथे पाहू.

मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म अलीगढचा, १८९८ चा. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी कॉलेज सोडले. पुढे रसायनशास्त्र शिकायला ते जर्मनीला गेले आणि बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले. १९३५ साली त्यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी काढली. या नावाच्या आद्याक्षरांचीच पुढे 'सिप्ला' झाली. माल बाजारात आला तो १९३७ मध्ये. १९३९ साली गांधीजींनी हा कारखाना पाहिला. त्या काळी औषधाचा धंदा म्हणजे बहुतेक परदेशातून आलेला माल विकणे. हमीद साहेबांना ती दलाली नको होती. दवा येथेच, आपल्या माणसांच्या हातून बनली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

चिरंजीव यूसुफ हमीद यांचा जन्म १९३६ चा. केंब्रिजला नोबेल विजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्र केले आणि १९६० साली ते कंपनीत आले. संचालकाचा मुलगा म्हणून त्यांच्या नेमणुकीला सरकारची मंजुरी लागत होती. त्यामुळे पहिले वर्ष त्यांनी बिनपगारी काढले. आपल्याकडे मालकाचा मुलगा पहिल्या दिवशीच गल्ल्यावर बसतो, म्हणून ही बारीक गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

कारखान्यात शिरल्यावर त्यांना कळले की अडचण भट्टीत नाही, कायद्यात आहे. इंग्रजांनी केलेल्या १९११ च्या पेटंट कायद्याने नुसती कृतीच नव्हे, तर औषधच एखाद्या कंपनीच्या मालकीचे होत असे. कल्पना करा, उद्या कोणी शेरवानी शिवण्याच्या पद्धतीवर नव्हे, तर शेरवानीवरच हक्क नोंदवला तर आपल्या दर्जी बांधवांनी काय करायचे? १९६१ साली इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या कामात हे बापलेक पुढे होते. प्रयोगशाळेत रमणाऱ्या तरुणाला आता कलमे वाचावी लागली, मंत्र्यांसमोर बाजू मांडावी लागली, प्रतिस्पर्धी कारखानदारांना एका सतरंजीवर बसवावे लागले. १९७० साली नवा कायदा मंजूर झाला आणि एप्रिल १९७२ मध्ये तो अमलात आला. औषधावर हक्क उरला नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर उरला. त्याच वर्षी जूनमध्ये थोरले हमीद साहेब अल्लाहला प्यारे झाले.

यानंतरची हकिकत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतील डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या पद्धतीने सिप्लाने एड्सवरचे झिडोव्हुडीन हे औषध बनवले. परदेशी मालाच्या मानाने भाव अगदी कमी. तरीही माल उठला नाही. सरकारचा पैसा रोग टाळण्याच्या प्रचारावर जात होता, उपचारासाठी तरतूद नव्हती. सुमारे दोन लाख कॅप्सूल फेकून द्याव्या लागल्या. एवढा माल मातीत गेल्यावर कोणताही शहाणा व्यापारी ती फाईल बंद करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. यूसुफ साहेबांनी ती बंद केली नाही.

एड्सच्या रोग्याला पुढे तीन औषधे एकदम द्यावी लागू लागली. परदेशात या तिन्हींचे मालक वेगवेगळे. त्यामुळे ती एका गोळीत येईनात. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने ती आडकाठी नव्हती. सिप्लाने स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन यांची मिळून एक गोळी केली, दिवसातून दोनदा घ्यायची. वडिलांच्या वेळचा कायद्याचा झगडा मुलाला येथे कामी आला.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तिन्ही औषधे वर्षाला ८०० डॉलरमध्ये, आईपासून बाळाला होणारा संसर्ग टाळणारे नेव्हिरापीन फुकट, आणि ज्या गरीब देशाच्या सरकारला स्वतः औषध बनवायचे असेल त्याला त्याची कृतीही फुकट. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. ताबडतोब कोणी पुढे आले नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला, रोग्यांना मोफत वाटण्याच्या अटीवर, वर्षाला ३५० डॉलर म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी भाव दिला. तेव्हा जगाचे डोळे उघडले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर ३९ औषध कंपन्यांनी भरलेला खटला त्याच वर्षी एप्रिलमध्ये मागे घेतला गेला.

यातली भावाची गोष्ट सगळे सांगतात. आमचे लक्ष कृती फुकट देण्यावर खिळते. आपल्याकडचे कित्येक उस्ताद शागिर्दाला सगळे शिकवतात आणि शेवटचा हात राखून ठेवतात. रंगाचे प्रमाण, जरीची गाठ, अत्तराचा मेळ कबरीत बरोबर जातो. दवा आपल्या देशात बनावी, हा वडिलांचा इरादा. तोच धरून चाळीस वर्षे काढलेल्या मुलाला दुसऱ्यांचाही देश दिसू लागला. २००७ साली युगांडात कंपाला येथे स्थानिक भागीदारांबरोबर कारखाना उभा राहिला आणि ही औषधे तेथे बनू लागली.

हिशोबाची दुसरी बाजूही आहे. देशातल्या किंमत नियंत्रणावरून, जादा भाव घेतल्याच्या आरोपावरून, सरकारचे आणि सिप्लाचे वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. फरिश्त्यांची कंपनी म्हणून कोणी ही हकिकत वाचू नये.

१ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे औषधावरचे पेटंट आपल्या देशात परत आले. नव्या औषधांना जुनी वाट बंद झाली. २०१३ साली यूसुफ साहेब रोजच्या कारभारातून बाजूला झाले आणि व्यवस्थापकीय संचालकाची खुर्ची कुटुंबाबाहेरच्या माणसाकडे गेली. त्यांची मागणी मात्र तीच राहिली : पेटंटवाल्याला त्याची रॉयल्टी जरूर द्या, पण बनवण्याचा परवाना अडवू नका.